देवाचा दरबार : नारायण वामन टिळक

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. वीस वर्षं संगणकाची भाषा लिहिणाऱ्या बाईनं मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीच्या पेपरात. शिवाय शाळेच्या आठवणी बाकीचे सगळे लिहिणारच आहेत. मग मी संपादक मंडळाकडे परवानगी मागितली, की मी आपल्यातल्या कुणाबद्दल न लिहिता, आपल्या गावात काही वर्षं राहून गेलेल्या एका माणसाचं चरित्र लिहिते. परवानगी मिळाली. लेख लांबला तर दोष त्यांचा.

हा माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्यांचे कुणी नव्हेत, हे आधीच सांगते, कारण घरी मुलीनं पहिला प्रश्न तोच विचारला. आपल्या आई-आजीच्या पिढीला ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता तोंडपाठ असायची. बाण लागलेली पक्षीण आणि तिची पिल्लं आठवून आमची आजी म्हातारपणीही डोळे पुसायची. फुलामुलांचे कवी म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण कवितेच्या वर नाव छापायचं तेव्हा ‘रेव्हरंड’ का लिहितात, हे शाळेत आपण कधी विचारलं नाही. आता चाळिशी उलटल्यावर विचारलं.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचं, वडील तापट, आई प्रेमळ. आई गेली तेव्हा नारायण जेमतेम अकरा वर्षांचा होता. वडिलांच्या घरात राहणं अशक्य झालं आणि तो बाहेर पडून नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेत थोडी वर्षं काढली, तीही रखडत. पुढे कीर्तनं केली, पुराणं सांगितली, शिकवण्या केल्या, छापखान्यात खिळे जुळवले. एका गावात पाय ठरला नाही. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांना करून दिली. ती अकरा-बारा वर्षांची होती. तीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई. तिच्या माहेरी सोवळं इतकं कडक होतं की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. बुटी हे आपल्याकडचं मोठं धनिक घराणं. शिर्डीला आज समाधी मंदिर आहे तो वाडा बांधणारे बापूसाहेब बुटीही नागपूरचेच. अप्पासाहेब बुटींनी जुन्या संस्कृत धर्मग्रंथांच्या भाषांतराचं काम काढलं होतं आणि टिळक त्या कामावर लागले. ‘ऋषि’ नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. दिवसभर वेद-उपनिषदांत डोकं आणि संध्याकाळी गावातल्या पंडितांशी वाद, असा तो काळ. ज्या कामासाठी त्यांना ठेवलं होतं, त्याच कामानं त्यांच्या मनातलं जुनं घर पोखरलं. ईश्वर एक असेल आणि तो सगळ्यांचा बाप असेल, तर माणसामाणसांत विटाळ कसा, हा प्रश्न त्यांना सुटेना. आपणच एखादा नवा पंथ काढावा, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. ख्रिस्ती होण्याचा विचार मात्र तेव्हा नव्हता. हिस्लॉप कॉलेज सुरू होऊन त्या वेळी सात-आठ वर्षं झाली होती आणि स्कॉटिश मिशनची शाळा तर त्याहून जुनी. म्हणजे पाद्री या गावाला नवे नव्हते. ब्राह्मण मुलगा बाटला की गावात काय हलकल्लोळ होतो, तेही गावानं पाहिलेलं होतं.

मग ती रेल्वेची गोष्ट घडली. नागपूरचं काम सुटत आलं होतं आणि टिळक नव्या नोकरीच्या आशेनं राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. गाडीत शिरले तर डब्यात एक गोरा साहेब बसलेला. त्या काळी साहेब बसलेल्या डब्यात आपल्या माणसाला जागा मिळेलच याची खात्री नव्हती. अपमान करून खाली उतरवल्याच्या कथा घरोघरी सांगितल्या जायच्या. या साहेबानं मात्र सरकून जागा दिली आणि अदबीनं बोलणं सुरू केलं. बोलणं संस्कृत कवितेवर गेलं आणि तिथून धर्मावर. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायचं वचन त्यांनी दिलं होतं. वाचायला घेतल्यावर डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून पुढे त्यांना ते खाली ठेवता येईना.

त्या साहेबाचं नाव टिळकांनी विचारलं नाही आणि त्यानंही यांचं विचारलं नाही. पुढे आयुष्यभर तो कोण होता ते कळलं नाही. मला या गोष्टीत भाकितापेक्षा सरकून दिलेली जागा मोठी वाटते. श्रद्धाळू वाचकांना भाकीत मोठं वाटेल. त्यांचंही चूक म्हणणार नाही मी.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. मिशन अमेरिकन, मुंबईत त्यांना आधार देणारे रेव्हरंड जस्टिन अॅबटही अमेरिकन. हे अॅबट म्हणजे पुढे आपल्या संतकवींची चरित्रं इंग्रजीत नेणारे. तरीही टिळकांनी हट्ट धरला, की पाणी गोऱ्या हातानं नको, देशी माणसाच्या हातानं पाहिजे. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकांनी तो विधी केला. नव्या घरात पाऊल टाकतानाच त्यांनी सांगून ठेवलं की, मी तुमच्या ख्रिस्ताकडे आलोय, तुमच्या साहेबीपणाकडे नाही. पुढची चोवीस वर्षं ते हेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत राहिले.

इथे चरित्रकारांची एक सवय मला खटकते. बाप्तिस्म्याचा प्रसंग सांगून ते पुढे जातात. पण त्या दिवशी लक्ष्मीबाई कुठे होत्या? तिला विश्वासात न घेता हे सगळं झालं. पदरी लहानगा दत्तू, माहेर-सासर दोन्हीकडे आकांत, आणि नवरा जिवंत असून विधवेसारखं जिणं. सुमारे साडेचार-पाच वर्षं ती नातेवाइकांच्या आधारानं राहिली. टिळक पत्रं लिहीत, येऊन भेटत, रागावत, रडत, पुन्हा निघून जात. सगळ्या माणसांना भाऊ मानायला निघालेल्या माणसानं घरातल्या बाईला आधी विचारायला हवं होतं, असं मला वाटतं, आणि हे मी त्यांच्याबद्दलच्या आदरानंच लिहिते आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः मात्र ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं अशा हसऱ्या स्वरात सांगितलंय, की वाचणारा आधी हसतो आणि पान उलटल्यावर गप्प होतो.

शेवटी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांचा संताप प्रसिद्ध होता. ताटं-भांडी फेकण्यापर्यंत मजल जायची. पण या एका बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाई बघत होत्या. नगरकडची ख्रिस्ती मंडळी बहुतेक महार-मांग समाजातून आलेली, गरीब, खेड्यापाड्यांतली. त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच उपासनेत आपला नवरा मांडी घालून बसतो, हे त्या रोज पाहत होत्या. मग एका रात्री त्यांना झोप लागली नाही. देवानं माणूस केला, की जाती केल्या? पशुपक्ष्यांच्या जाती दिसतात तशा माणसाच्या कुठे दिसतात? सकाळ होईपर्यंत माहेरचं ते धुऊन घेतलेलं सोवळं त्यांच्या मनातून गळून पडलं होतं. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यात कुणाचं व्याख्यान नव्हतं. नवऱ्याचं व्याख्यान तर मुळीच नव्हतं.

तेव्हा १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ चालू होता. राहुरी-नगर भागात अनाथ मुलांचे लोंढे येत होते आणि टिळकांचं घर त्यांच्यासाठी उघडं होतं. पैशाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे घरच्या बाईची परीक्षाच. पगार हातात पडल्यावर वाटेत जो पहिला गरजू भेटेल त्याचा तो पगार. किराणा आणायला गेलेले टिळक काय घेऊन परततील याचा भरवसा नसे. लक्ष्मीबाईंनी पै-पै जोडून संसार ओढला. घरात स्वतःच्या मुलांबरोबर परक्यांची मुलं वाढली, दुखणाईत आले, विद्यार्थी आले, कवी आले. जळगावकडचा त्र्यंबक ठोंबरे नावाचा पोरगेला कवी आला आणि घरचाच होऊन राहिला. हाच बालकवी. तो शेवटपर्यंत हिंदूच राहिला, आणि टिळकांच्या घरात त्याला त्यामुळे काही कमी पडलं नाही.

नगरच्या मिशनमध्ये टिळक पाळक घडवणाऱ्या विद्यालयात शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत, १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग त्यांनी सांभाळला. मिशनचे प्रमुख डॉ. रॉबर्ट ह्यूम. त्यांचा जन्म मुंबईचाच, माणूस उदार, टिळकांवर माया करणारा. पण माया करणं आणि बरोबरीनं वागवणं यांत फरक असतो, आणि टिळकांचा झगडा त्या फरकाशी होता. बंगला साहेबाचा, पगार ठरवणारा साहेब, निर्णय साहेबाचा, आणि देशी पाळक म्हणजे पगारी मदतनीस. गावच्या ख्रिस्ती माणसाला वाटायचं की धर्म साहेबाचा आहे, आपण फक्त त्याच्या आश्रयाला आलो आहोत. गावच्या हिंदूला वाटायचं की हा मनुष्य आता परका झाला. या दोन्ही समजुती मोडायच्या, तर पैशाचा आणि कातडीचा संबंध आधी तोडायला हवा, असं टिळकांचं मत हळूहळू पक्कं होत गेलं.

त्यांचं पहिलं हत्यार होतं भजन. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या मराठी शब्दांनी खेड्यातल्या बाईचं काय होणार? टिळकांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, टाळ-चिपळ्यांवर म्हणता येतील अशी. शंभराहून अधिक गीतं त्यांची आहेत. ‘उपासना संगीत’ हे मराठी चर्चमध्ये चालणारं पुस्तक आजही त्यांच्या गीतांवर उभं आहे. आपल्या बॅचमधली एक मैत्रीण दर रविवारी ती गाते. मी तिच्याकडूनच ती पहिल्यांदा ऐकली आणि मला वाटलं हे तुकोबांचंच काहीतरी असावं. ते तसं वाटणं अगदीच चूक नव्हतं. तुकारामाच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक मानत. ते वाट सोडून आले नव्हते, वाटेनं आले होते. देशभक्तीच्या कविताही त्यांनी भरभरून लिहिल्या. ख्रिस्ती झालेला माणूस देशाला मुकतो, या समजुतीला त्यांचं उत्तर त्या कवितांतच आहे.

गाणं बदललं, पण बसायची जागा बदलली नव्हती. १९१७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर, तब्येत खचलेली असताना, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. म्हातारपणी माणूस पेन्शनचा हिशेब करतो आणि यांनी हातची नोकरी सोडली. भांडून नव्हे. जुन्या मित्रांशी प्रेम कायम ठेवून. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

दरबार म्हटलं की आपल्या नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर भोसल्यांचा दरबार येतो. कोण कुठे बसणार, कोणाचा मान पहिला, हे सगळं ठरलेलं. टिळकांनी शब्द तोच घेतला आणि अर्थ उलटा केला. या दरबारात राजा एक, आणि बाकी सगळे एका सतरंजीवर. बाप्तिस्मा घेतलेले होते आणि न घेतलेलेही. ख्रिस्तावर प्रेम आहे, पण घरदार-समाज सोडून चर्चचं सभासद होणं जमत नाही, किंवा पटत नाही, अशा हिंदूलाही तिथे शिष्य म्हणून जागा होती. ब्राह्मण चालत होता, महार चालत होता, साहेबही चालत होता, पण साहेब म्हणून नव्हे. परदेशी पैशावर तो दरबार उभा नव्हता. हे सगळं आज वाचायला सोपं वाटतं. तेव्हा चर्चमधल्या पुष्कळांना ते पटलं नाही. बाप्तिस्मा न घेतलेला माणूस ख्रिस्ताचा शिष्य कसा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो क्षुल्लक प्रश्न नव्हता. ज्या गरीब माणसानं बाप्तिस्मा घेऊन गावाचा बहिष्कार सोसला, त्याच्या शेजारी काहीच न सोसलेला माणूस त्याच हक्कानं बसणार का? टिळकांचं उत्तर होय असं होतं. मला ते पूर्ण पटतं असं नाही. पण दार कोणी राखायचं, हे माणसांनी ठरवू नये, एवढं मात्र पटतं.

दरबाराला दोन वर्षंही मिळाली नाहीत. ५ मे १९१८ ला बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली गेले, आणि सुमारे एक वर्षानं, ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले. आपल्या देहाचं दहन करावं, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. ख्रिस्ती पाळकानं दहन मागावं हे त्या काळी विलक्षणच. तसंच झालं, आणि अस्थी नगरला नेल्या. साताऱ्याचा दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. एका माणसाच्या जिवावर उभं राहिलेलं काम त्या माणसाबरोबर जातं, हे आमच्या कामातही रोज दिसतं.

पण विचार इकडून तिकडे जातो. जॅक विन्स्लो नावाच्या इंग्रज पाद्रीनं टिळकांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं, १९२३ मध्ये. त्याच विन्स्लोनं १९२२ साली नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला, जो पुढे पुण्याला गेला. तिथे इंग्रज तरुण आणि आपली मुलं एका छपराखाली राहिली. खादी नेसून, जमिनीवर बसून, एकाच पंगतीत जेवून. राज्यकर्ते आणि प्रजा असं नातं असलेल्या देशात हे १९२० च्या दशकात चाललं होतं. त्या संघात १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरिअर एल्विन आले, आणि तिथेच त्यांना शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती मित्र मिळाला. दोघं १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले. तो भाग तेव्हा आपल्या मध्य प्रांतातला, राजधानी नागपूर. गांधीजींचे स्नेही असलेल्या एल्विनना पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना द्यायला नागपूरच्या बिशपनं नकार दिला, कारण ते सरकारशी निष्ठेची शपथ घेईनात. म्हणजे ज्या गावातून टिळकांची गाडी सुटली, त्याच गावात ते दार पुन्हा एकदा बंद झालं. एल्विन त्या दाराशी थांबले नाहीत.

हे चरित्र मी का लिहिलं, ते आता सांगते. संमेलनाच्या पहिल्या बैठकीत वर्गणीचा आकडा ठरला तेव्हा मी हात वर करणाऱ्यांत होते. आकडा मला मोठा वाटला नव्हता. दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून मला स्वतःच्या डब्यातली तिखट चटणी देणाऱ्या मित्राला फोन केला. तो म्हणाला की त्या दिवशी त्याला काम आहे. पंचवीस वर्षांनी बोलत होतो तरी त्याचा आवाज मला ओळखता आला, आणि काम नाही हेही कळलं. शाळेत आपल्याला कोण कुठल्या वस्तीतून येतं हे ठाऊक होतं, तरी डबा एकच असायचा. मी समितीला लिहिलं. वर्गणीचा तक्ता आता यादीतून काढला आहे. ज्याला जे जमेल ते बंद पाकिटात, नाव न घालता. त्या मित्राला मी पुन्हा फोन केला. तो अजून नक्की सांगत नाही.

एक गोष्ट राहिली. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ते थोडेच अध्याय लिहून गेले. उरलेलं जवळजवळ सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. शाळेत कधी न गेलेली, नवऱ्याकडून कशीबशी अक्षरओळख झालेली बाई. १९३३ साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपूरला भरलं, आणि त्याच्या अध्यक्ष म्हणून लक्ष्मीबाई पुन्हा या गावी आल्या. चाळीस वर्षांपूर्वी याच स्टेशनावरून त्यांचा नवरा राजनांदगावच्या गाडीत बसला होता. या वेळी त्यांना उतरवून घ्यायला माणसं आली होती.